हक्कांच्या घरात हक्काचा कंदील

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची, गेली सहा वर्षं सिंगापूरला नोकरी करते. नवरा चिनी आहे, हक्का समाजातला. त्यांचं मूळ गाव दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंग प्रांतातल्या मेइझोउजवळ. लग्नाला चार वर्षं झाली. आजवर चिनी नवं वर्ष आम्ही सिंगापूरच्या फ्लॅटमध्येच उरकलं. या वेळी सासूबाईंनी बजावलंय : नव्वदीला टेकलेल्या आजेसासूबाईंना पणती बघायची आहे, तेव्हा गावच्या जुन्या घरी या आणि कंदिलांच्या पौर्णिमेपर्यंत राहा. म्हणजे दोन आठवडे.

मी शाकाहारी आहे, अंडं तेवढं चालतं. तिथे पूर्वजांपुढे अख्खी कोंबडी, डुकराचं मांस आणि मासा मांडतात आणि सगळ्यांनी गुडघे टेकून नमस्कार करायचा असतो. आई म्हणते, "दुसऱ्यांच्या पितरांपुढे कशाला वाकायचं?" आमच्या माहेरी माघी गणपती असतो, तोही याच दिवसांत येतो. तिथे करता येईल का? पण खरं मन अडलंय ते वेगळ्याच गोष्टीवर. चुलत दिराला यंदा मुलगा झाला. कुळाच्या सभागृहात त्याच्या नावाचा कंदील लागणार. माझी मुलगी त्याच्याहून दोन महिन्यांनी मोठी, तिचा लागणार नाही. का, तर कंदील मुलग्यांचा असतो. नवरा म्हणतो, "जाऊ दे, जुनी माणसं आहेत." मला जाऊ देववत नाही. न जाण्याचं काही कारण काढू का?

— सिंगापूरची एक सून

सिंगापूरच्या सूनबाई,

कारण काढू नकोस. जा. मात्र कंदिलाचं बोलणं आधी होऊ दे, विमानाची तिकिटं काढण्याच्याही आधी. तुझे बाकीचे प्रश्न त्या मानानं किरकोळ आहेत, ते ओघात घेते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही ग्वांगझोऊला काही वर्षं काढली. पहिल्याच वर्षी एका मैत्रिणीनं नववर्षाला शुंडेजवळच्या आपल्या गावी नेलं. ती माणसं कॅन्टोनीज, तुझं सासर हक्का. बोली वेगळी, स्वयंपाक वेगळा, घराचा आकारसुद्धा वेगळा. तेव्हा माझं सगळंच तुला लागू पडेल असं नाही.

वर्षाच्या पहिल्या दिवशी मला पहाटेच जाग आली. रात्रभर फटाके वाजले होते, अंगणात लाल कागदांचा खच पडला होता. सणाची सकाळ आणि असं अंगण, मराठी बाईच्या हाताला दुसरं काय सुचणार? कोपऱ्यात खराटा दिसला, घेतला आणि उंबऱ्यापासून बाहेर झाडायला लागले. चार हात मारले असतील नसतील, तोच मैत्रिणीची आई अनवाणी धावत आली. माझ्या हातातून खराटा काढून घेतला आणि मी बाहेर लोटलेले कागद पायानं परत आत ढकलायला लागली. पहिल्या दिवशी केर बाहेर काढला तर वर्षाचं दैवही त्याच्याबरोबर जातं, असं तिकडे मानतात. अगदीच अडलं तर दाराकडून आत झाडायचं आणि केर कोपऱ्यात ठेवून द्यायचा. आपण सडा-संमार्जनाशिवाय सण सुरू करत नाही आणि त्यांचा सण खराट्यानं बाटतो. बोलली काही नाही बिचारी. पण दिवसभर मी कुठे हात घालते यावर तिचं लक्ष होतं.

तरी ते पोटात घातलं गेलं, त्याला कारण होतं. दोन दिवस आधी स्वयंपाकघरात तळण काढलं होतं. मी दारात उभी, काय करावं ते न कळून. खाली पाटांवर पाच-सहा बायका बसलेल्या. मैद्याची लाटी, आत भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, तीळ, खोबरं, साखर, मग अर्धचंद्रासारखी घडी आणि कडेनं नखाच्या चिमटीत मुरड. करंजीच ती! तिकडे 'याउ-गोक' म्हणतात. जुन्या पैशाच्या पिशवीसारखी दिसते म्हणून नववर्षाला शुभ. मी न विचारताच खाली बसले, एक लाटी घेतली आणि मुरड घातली. मैत्रिणीच्या आजीनं तोवर माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं. तिनं ती उचलली, उजेडाला धरली, कडेवरून अंगठा फिरवला, शेजारणीला दाखवली आणि पिठाचा अख्खा गोळा माझ्यापुढे सरकवला. त्या दुपारी शंभराच्या वर झाल्या असतील. दोघींना कळेल असा एक शब्द नव्हता आमच्यात.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की ऐन नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी बॅगा ओढत पोहोचू नकोस. 2027 मध्ये नवं वर्ष 6 फेब्रुवारीला लागतंय. हक्का लोक त्याआधी, बाराव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी 'वर्षाच्या वेशीत' शिरतात. तो दिवस 1 फेब्रुवारीला येतो. तेव्हापासून घरात धुणं-पुसणं, तळण, वाफवणं सुरू होतं. चिकट तांदळाच्या पिठाचं गोड 'थियाम-पान', फुलून वरून उकललेलं 'फात-पान'. ते उकललेलं नसेल तर घरातल्या बायकांचं तोंड उतरतं, आपला अनारसा हसला नाही की उतरतं तसंच. तीळ लावून तळलेले गोळेही असतील. या दिवसांत तिथे असशील तर हाताला काम मिळेल. नंतर गेलीस तर खुर्ची मिळेल, सोबत चहा आणि कलिंगडाच्या बिया. पाहुणचार म्हणून उत्तम, पण दोन आठवडे खुर्चीत बसून बिया सोलणाऱ्या बाईला त्या घरात काही मागता येत नाही. आणि तुला मागायचं आहे.

आता कंदील.

हक्का बोलीत कंदिलाला 'देन' म्हणतात आणि कुळातल्या पुरुष माणसालाही 'देन'च म्हणतात. दोन अक्षरं वेगळी, उच्चार एक. गेल्या वर्षभरात ज्याच्या घरी मुलगा झाला त्यानं पहिल्या महिन्यात कुळाच्या सभागृहात कंदील आणायचा, दोरानं तुळईला चढवायचा, फटाके वाजवायचे, सगळ्या भाऊबंदांना जेवू घालायचं. मेइझोउ भागातल्या शिंगनिंगचा हा सोहळा विशेष नावाजलेला आहे. वरवर दिसतो रोषणाईसारखा, आहे मात्र जन्माची नोंद. नवा माणूस कुळात आला, आता तो पूर्वजांनाही माहीत झाला, भाऊबंदांनाही. तेव्हा तुला जे खुपतंय ते क्षुल्लक मुळीच नाही. तुझ्या मुलीला कागदी कंदील मिळणार नाही एवढंच असतं तर मीसुद्धा 'जाऊ दे' म्हटलं असतं. तिची नोंद होणार नाही, हा मुद्दा आहे. हे तुझ्या नवऱ्याला कळत नसेल असं नाही. त्याचा कंदील लागून गेलाय, म्हणून त्याला ते दिसत नाही.

आपण फार पुढारलेले असल्याच्या थाटात मात्र बोलायला जाऊ नकोस. आपल्याकडचे जुने कुलवृत्तांत उघडून पाहा. मुलगे शाखा-उपशाखांनी पानंच्या पानं, आणि मुलगी एका ओळीत, अमक्यांना दिली. त्यांच्या वंशावळीत सुनेचं नाव नसायचं, फक्त 'चेन घराण्यातली', 'ली घराण्यातली' एवढंच. आपल्याकडे उलट, लग्नात मुलीचं नावच बदलून टाकायचे. चिनी बाई लग्नानंतर माहेरचं आडनाव सोडत नाही, हे तुझ्या आईला जरूर सांग.

हे मागायचं कसं? मागायचं ते नवऱ्यानं. तू नाही. परक्या देशातून आलेल्या सुनेनं तोंड उघडलं तर तो 'तिकडचा विचार' ठरतो आणि एका वाक्यात संपतो. त्याच सभागृहात ज्याचा कंदील लागला होता त्या मुलानं, आपल्या बापाकडे, आपल्या लेकीसाठी मागितलं तर ती घरातली गोष्ट होते. त्याला 'जाऊ दे' म्हणू देऊ नकोस. स्वच्छ सांग की मी तीन आठवडे तुझ्या गावी येते, तुझ्या पूर्वजांपुढे वाकते, तू एक फोन कर.

फोन आधी वडिलांना नको, आजीला करू दे. नव्वदीच्या बाईनं काय काय पाहिलंय याचा जरा विचार कर. 1966 मध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीत 'जुन्या चार गोष्टी' मोडायची लाट आली तेव्हा ती ऐन तिशीत असणार. सभागृहं बंद पडली, कुठे धान्याची कोठारं झाली, कुठे शाळा. पूर्वजांच्या नावांच्या पाट्या फोडल्या, वंशावळी जाळल्या. काहींनी त्या माळ्यावर, भिंतीत लपवून वाचवल्या. 1980 नंतर हळूहळू सगळं परत उभं राहिलं, त्यात सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातल्या नातेवाइकांचा पैसाही बराच होता. म्हणजे जिला आपण अनादि प्रथा म्हणतो ती या आजीच्या डोळ्यांदेखत एकदा तुटली आणि एकदा जोडली गेली. जोडताना माणसं काय घ्यायचं, काय सोडायचं ते ठरवतच होती. त्यातच सरकारच्या 'एकच मूल' धोरणाची पस्तीसेक वर्षं गेली. खेड्यांत त्याला सवलती होत्या, तरी कितीतरी घरांत एकुलती मुलगीच राहिली, आणि वंशावळ नव्यानं छापायची वेळ आली तेव्हा तिचं नाव घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वारशात मुलगा-मुलगी समान, हे तर चीनच्या कायद्यात 1985 पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. काही गावांत आता मुलींचेही कंदील लागतात. तुझ्या सासरच्या कुळात काय चालतं ते मला इथून सांगता येणार नाही. पण "असं कुठे नसतंच" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, एवढं लक्षात ठेव.

आणखी एक विचारून घे. हक्का कुळांत पिढीपिढीची अक्षरं ठरलेली असतात, कवितेच्या ओळीतून एकेक घेतलेली. एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात तेच अक्षर येतं. मुलींना ते देतीलच असं नाही. तुझ्या लेकीच्या चिनी नावात ते आहे का? असेल तर अर्धं काम झालंय, तिला पिढीत मोजलंच आहे. नसेल तर त्या फोनमध्ये हाही विषय निघू दे.

पैशाचं टाळू नका. कंदिलाचा, फटाक्यांचा, जेवणाचा खर्च त्या वर्षी मूल झालेली घरं वाटून घेतात. "आमचाही वाटा धरा," असं तुम्ही आधीच म्हटलंत की व्यवस्था पाहणाऱ्या काकांना निर्णय घेणं सोपं जातं. भाऊबंदकीत तत्त्वापेक्षा वर्गणी लवकर पटते, हा तर आपल्या गणेश मंडळांचाही अनुभव आहे.

आणि नाहीच म्हणाले तर? तर जा, पण चुलत दिराच्या मुलाचा कंदील चढताना मागे तोंड पाडून उभी राहू नकोस. त्या बाळाचा काय दोष? टाळ्या वाजव, पोटभर जेव. नवऱ्यानं मात्र वडिलांना सांगून ठेवावं की पुढच्या वर्षी परत विचारेन. हे वाक्य त्यानं तुझ्यासमोर म्हणायला हवं. आकाशकंदील न्यायची कल्पना तुझ्या मनात येऊन गेलीच असेल. ने की, तुमच्या खोलीच्या दाराला लाव, पोरं खूश होतील. फक्त सभागृहातल्या कंदिलाच्या बदल्यात तो लावू नकोस. नाहीतर "झालं की, लागला तिचाही कंदील" म्हणून सगळे मोकळे होतील आणि तूही नकळत मान डोलावशील.

आता वाकण्याचं. तुझ्या आईला पडलेला प्रश्न रोमलाही, म्हणजे कॅथलिक चर्चलाही पडला होता, आणि तो सुटायला सव्वादोनशे वर्षं लागली. चिनी ख्रिस्ती माणसानं पूर्वजांपुढे उदबत्ती लावावी की नाही यावर जेझुइट आणि इतर पंथांच्या धर्मप्रचारकांत भांडण जुंपलं. 1715 मध्ये पोपनं बंदी घातली, 1742 मध्ये ती पुन्हा पक्की केली. मधल्या काळात चिनी सम्राट चिडला आणि त्यानं धर्मप्रचारच बंद केला. शेवटी 1939 मध्ये रोमनं मान्य केलं की हा पूर्वजांबद्दलचा आदर आहे, चालेल. तुझी आई एवढा वेळ घेणार नाही अशी आशा आहे.

तुला वाकवत असेल तर वाक. सासरच्या कुलदैवताला जाताना प्रत्येक मराठी सून दुसऱ्यांच्याच देवापुढे वाकते की. तीन उदबत्त्या दोन्ही हातांनी धरायच्या, तीनदा लवायचं. ज्योत फुंकून विझवायची नाही, हातानं वारा घालायचा, हे आपल्यासारखंच. गुडघ्यांना पुढे गादी असते. नाहीच जमलं तर उभ्यानं नमस्कार केलास तरी चालून जातं, फक्त ऐन वेळी मागे सरकू नकोस. तेवढंच सगळ्यांच्या डोळ्यांत येतं. पुढे मांडलेली अख्खी कोंबडी पाहून पोटात ढवळलं तर वरच्या पाट्यांकडे पाहा.

घर वेइलोंगवू पद्धतीचं असेल तर त्या सभागृहाच्या मागे जाऊन ये. पुढे अर्धगोल तळं, मग धान्य वाळवायचं खळं, मधे सभागृह आणि मागे घोड्याच्या नालासारखी खोल्यांची ओळ. सभागृह आणि त्या ओळीच्या मधे गोट्यांनी मढवलेला अर्धगोल उंचवटा असतो. त्याला 'हुआताय' म्हणतात. या नावातल्या 'ताय'चा अर्थ गर्भ. फुगीर पोटासारखाच दिसतो तो. पुढे सभागृहात पूर्वजांच्या पाट्या आणि त्यांच्या पाठीशी हे. मी स्वतः एकदाच पाहिलाय, तोही घाईत. तू निवांत बघ. मुलीलाही तिथे रांगू दे, गोटे गुळगुळीत असतात.

खाण्याचं फार सोपंही नाही, फार अवघडही नाही. आपल्याकडच्या हॉटेलांतल्या 'हक्का नूडल्स'वर विसंबून जाऊ नकोस. ती कोलकात्याच्या चिनी वस्तीतून आलेली वेगळीच चीज. मेइझोउत सकाळी मिळतात त्या लसूण घालून कालवलेल्या शेवया, आणि त्यात डुकराची चरबी असते. टोफू म्हणशील तर हक्कांचा मानाचा टोफू खिमा भरलेला. गव्हाच्या मुलखातून दक्षिणेत आले, मोमोसारखं काही करायला गहू मिळेना, म्हणून टोफूतच सारण भरलं असं तेच सांगतात. 'मांस नको' म्हटलंस तर मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा वाढतील, अगदी प्रेमानं. त्याऐवजी 'शित-जाय' म्हण. हे उपासाचं, देवळातलं, शुद्ध शाकाहारी जेवण, आणि ते म्हाताऱ्यांनाही पक्कं कळतं. दक्षिणेतल्या कित्येक घरांत वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळेच शाकाहारी जेवतात; त्या दिवशी पंगतीत तुझं ताट वेगळं नसेल. पण हा शब्द वापरलास की त्यांच्या नियमानं कांदा-लसूणही जाईल, आणि अंडंही बहुधा जाईल. अंड्याचं वेगळं सांग. सासूबाईंकडून एक लहान कढई तुझ्यापुरती मागून घे आणि रोज एक भाजी तू कर, सगळ्यांना पुरेल एवढी. डाळ, हिंग, मिरचीपूड बरोबर असू दे. करंज्यांचं सारण सिंगापूरहूनच नेलंस तर तळणाच्या दिवशी तुझी जागा ठरली म्हणून समज. तिथे 'याउ-गोक' नसेलच तर त्यांना ती नवी गोष्ट होईल.

पाकिटांची एक गंमत. आपण 101, 501 देतो, वर एक रुपया हवाच. तिकडे सम आकडा शुभ, आणि त्यातही चार नको, कारण त्याचा उच्चार मरणाच्या जवळ जातो. लग्न झालेल्यांनी पोरांना आणि बिनलग्नाच्यांना लाल पाकिटं द्यायची, त्यामुळे तूही देणाऱ्यांत आलीस. ग्वांगडोंगची माणसं यात शहाणी आहेत, दहा-वीस युआनवर आनंदात भागतं. नेमकं किती, ते मोठ्या जावेला विचार. नोटा कोऱ्या हव्यात, दोन्ही हातांनी द्यायच्या-घ्यायच्या, समोर उघडायचं नाही. बाळाला पाकिटांचा ढीग मिळेल. कुणाचं किती ते आहेराच्या वहीसारखं लिहून ठेव, फेडावं लागतं.

दुसरा दिवस तुला जड जाणार आहे, त्याची तयारी ठेव. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, नवरे आणि पोरं घेऊन. तुझ्या नणंदा येतील, जावा आपापल्या माहेरी जातील. घर भरेल आणि रिकामंही होईल, आणि तू कुठल्याच बाजूला नसशील. मी त्या दिवशी शुंडेच्या गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांमागे जाऊन रडले होते, आणि मी तर सूनही नव्हते तिथली. पण चिनी रीत पक्की आहे : दुसऱ्या दिवशी जावयानं सासुरवाडीला जायचं, हातात भेटी घेऊन. मग तुझ्या नवऱ्यानं ती पाळायला नको? सांगलीला सकाळीच व्हिडिओ कॉल लावायचा. भेटी आठवडाभर आधी पोहोचल्या पाहिजेत, त्याची खरेदी त्यानं करायची. त्यानं नवे कपडे घालून बसायचं आणि तुझ्या आईबाबांना वाकून नमस्कार करायचा, सासूबाईंच्या देखत. "आमच्याकडे आज लेकीचं माहेर असतं," हे तुझ्या आईला त्याच्या तोंडून ऐकू दे. दुसऱ्यांच्या पितरांचा विषय बहुतेक परत निघणार नाही.

माघी गणपती जरूर कर. त्यांचा आणि आपला महिना एकाच अमावास्येनंतर सुरू होतो, दोघांकडे अधिक महिनाही असतो. म्हणून त्यांचं नववर्ष बहुतेक वर्षी आपल्या माघाच्या तोंडावर येतं, क्वचित फाल्गुनाच्या. 2027 ला माघच आहे. चतुर्थी त्यांच्या चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास पडते. नेमका दिवस सांगलीच्या पंचांगातून विचारून घे. ही तिळकुंद चतुर्थी, नैवेद्य तिळाचा, आणि त्या घरात तीळ लावलेले गोळे आधीच तळलेले असतील. तेच ठेव. मूर्ती मातीची न्यायची गरज नाही, सुपारी पुरे. सभागृहात मांडू नकोस, ती पूर्वजांची जागा. तुमच्या खोलीत, सासूबाईंना विचारून. आजीला बोलाव आणि आरतीला टाळ्या वाजवायला लाव. कुणी काही दिलं-केलं तर 'आन-ज-से' म्हण. हक्कांचे आभार आहेत हे, आणि शब्दांचा अर्थ साधारण "किती जपून केलंत" असा. मँडरिनमधल्या शंभर वाक्यांपेक्षा हा एक शब्द म्हाताऱ्यांना गोड लागतो.

बाळासाठी थोडं. दक्षिणेतल्या जुन्या घरांत हीटर नसतात. फेब्रुवारीत पारा फार उतरत नाही, पण ओल हाडात शिरते. लोकरीचे मोजे, गरम पाण्याच्या दोन पिशव्या. फटाक्यांच्या वेळी तिला तशीच सभागृहात नेऊ नकोस, तिचा स्वतःचा कंदील चढत असला तरीही. आधी कान झाक, मग ने.

राहता राहिल्या तारखा. सासूबाईंनी पौर्णिमा म्हटलंय, ती 20 फेब्रुवारीला, शनिवारी. पण कंदील चढवायचा दिवस गावागावात, कुळाकुळात वेगळा असतो. कुठे नवमीच्या सुमाराला, कुठे तेराव्या दिवशी, कुठे पौर्णिमेला. तुमच्याकडचा कोणता, ते त्याच फोनमध्ये विचारायला सांग. तो दिवस आधी निघत असेल तर सुट्टी अलीकडे ओढ आणि 1 तारखेपासून जा, पौर्णिमा सिंगापूरला करता येईल. सुट्टीचा अर्ज त्यानंतर टाक.